कृपया मोठ्याने बोला

कोंढा, ता. पवनी
२८ डिसेंबर २०२४

चि. प्रतिक्षा,
सप्रेम जय भीम.

तू माझा नंबर बंद केलास, हे तुझ्या आईकडून कळलं. बरोबर केलंस. मी फोनवर बोलायला लागलो की त्याचं भाषण होतं, असं तू नेहमी म्हणायचीस. पत्र निदान मध्येच सोडता येतं.

पंचवीस तारखेच्या स्त्रीमुक्ती दिनाच्या कार्यक्रमाची क्लिप तू पाहिली असणारच. पवनीपासून जवाहरनगरपर्यंत फिरते आहे. फॅक्टरीतले जुने सोबती फोन करतात. "गजभियेभाऊ, रिटायर झाले पण आवाज तोच, गेट मिटिंगचा!" मी हो हो म्हणतो आणि फोन ठेवतो.

क्लिप कुणीतरी कापलेली आहे, म्हणून पूर्ण बोललो ते इथे लिहितो. मी म्हणालो, "आपल्या पुष्पाबाईची सून तृप्ती. सिकलसेलची पेशंट. दुखणं उठलं की मदत बोलवायची म्हणून तिच्या फोनात एक ॲप टाकून दिलं. त्या ॲपला बटनच नाही! बोललात तरच ते ऐकणार. पोरगी मरता मरता वाचली. बंगलोरच्या थंड खोलीत बसून ज्यांनी हे बनवलं, त्यांनी आमच्या बाईचं दुखणं कधी पाहिलं होतं? आणि ऐका, त्यांच्यात माझी स्वतःची मुलगी आहे. माझ्या रक्ताची आहे म्हणून मी गप्प बसणार नाही!"

इथे टाळ्या पडल्या. इथे पडतील हे मला वाक्य बोलायच्या आधीच ठाऊक होतं.

एक गोष्ट मी बोललो नाही. ते बटन तू काढलेलं नव्हतंस. उलट तूच कंपनीत त्यासाठी भांडत होतीस. तुझे साहेब म्हणत होते, आता बटनाचे दिवस गेले, पुढे पडदासुद्धा राहणार नाही, माणूस बोलेल आणि यंत्र समजून घेईल. आणि तू म्हणत होतीस, एक मोठं बटन राहू द्या. दाबलं की नुसतं थरथरेल, आवाज करणार नाही, आणि नर्सबाईला नि घरच्या एका माणसाला निरोप जाईल. हे सगळं मला माहीत होतं. भाषणात सांगायला वेळ पुरला नाही, असं मी तुझ्या आईला म्हणालो.

त्यावर तुझी आई म्हणाली, "पाऊण तास बोलले न तुम्ही? तेवढ्यात एक बटन नाही मावलं?"

तेव्हापासून ती मला जेवायला वाढते, पण बोलत नाही.

तुझं नाव घ्यायला नको होतं. हे मी मान्य करतो. पण मूळ मुद्दा मी सोडणार नाही. मागच्या हिवाळ्यात तुम्ही आमच्या विहारात येऊन बायकांकडून ॲप वापरून घेतलं, तेव्हा सगळ्या बायका न अडखळता पास झाल्या होत्या. मग पुढे चूक कुठे झाली, हे तुमच्या कंपनीने शोधायला नको का?

तुझा,
बाबा

&nbsp;

कोंढा
९ जानेवारी २०२५

चि. प्रतिक्षा,

उत्तराची वाट पाहत नाही, असं लिहिणार होतो. पाहतो. पोस्टमन केवळराम माझं दार ओलांडून पुढे जातो तेव्हा मुद्दाम सायकलची घंटी वाजवत नाही. त्यालाही समजलं असावं.

तृप्ती नागपूरहून घरी आली. काल मी तिला पाहायला गेलो. इतके दिवस गेलो नव्हतो. तिच्यावर पाऊण तास बोललो, पण ती भंडाऱ्याहून नागपूरला गेली, दुखणं छातीत उतरलं होतं, ऑक्सिजनवर होती, तेव्हा एकदाही गेलो नाही. कार्यक्रमाची तयारी होती.

खूप वाळली आहे. भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून डोक्यावर पदर घ्यायला गेली, तर मी म्हणालो, राहू दे. मग मी, मूर्ख माणूस, तिला विचारलं, "त्या ॲपने काय केलं ते मला नीट सांग. मी पत्रकारांना बोलावतो."

ती म्हणाली, "त्यानं काई नाही केलं काकाजी. ते बिचारं इचारून राहिलं होतं."

त्या दिवशी गुंजनला, म्हणजे तिच्या नणंदेला, पाहायला सिहोऱ्याहून पाहुणे आले होते. ओसरीत सगळे पुरुष बसलेले. तृप्ती आत चहा मांडत होती. आधी पायात दुखायला लागलं, मग पाठीत. तिने फोन काढला, ॲप उघडलं आणि हळूच सांगितलं. फोनला ऐकू गेलं नाही. तो घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तुमचा आवाज स्पष्ट आला नाही. कृपया मोठ्याने बोला. तुम्हाला वेदना कुठे होत आहेत?"

"ओसरीतली गोष्टच बंद झाली," तृप्ती म्हणाली. "मले वाटलं, आता सोयरे उठते. घरात सिकल हाये समजलं का, सुनेले असो का पोरीले, गुंजनचं बी रक्त तपासा म्हणते अन् निंगून जाते. म्या फोन धानाच्या ढोलीत खुपसला. तं धानातून बी बोलूनच राहिला होता, काकाजी. मोठ्याने बोला, मोठ्याने बोला. मले हासू बी आलं न रडू बी."

मग ती चहा घेऊन बाहेर गेली. पोहे नेले. पाहुण्यांच्या पाया पडली. पाहुणे जाईपर्यंत तिला धड श्वास घेता येत नव्हता.

पुष्पाबाई चुलीपाशी होती. एकदम भडकली. "मले सांगाचं होतं न वं! सोयऱ्याइले लाथ मारून हाकललं असतं म्या!"

मग तृप्ती माझ्याकडे पाहून, अगदी साधेपणाने, रागाचा लवलेश नसताना म्हणाली, "तुम्ही विहारात शिकवलं होतं तसं मोठ्यानं बोलाले पाह्यजे होतं मी. घरी नाही जमलं."

मी पाणी मागितलं. पाणी आलं, तरी प्यालो नाही आणि उठलो. तिच्या घरापासून आपल्या घरापर्यंत किती थोडं अंतर आहे, तुला माहीत आहे. मी तलावाच्या पाळीने फिरून आलो.

या पत्रात एवढंच.

बाबा

&nbsp;

कोंढा
२० जानेवारी २०२५

प्रतिक्षा,

"तुम्ही शिकवलं होतं." तृप्ती जे म्हणाली ते तू वाचलंस, आणि माझ्याआधी तुला सगळं समजलं असेल. तरी मी लिहितो. कारण मागच्या वर्षी तू मला समोरासमोर विचारलं होतंस आणि मी खोटं बोललो होतो.

तुम्ही येणार त्याच्या आधी, रोज दिवेलागणीला, मी बायकांना विहारात बोलावत होतो. चौदा एप्रिलला मुलांची भाषणं बसवतो, तशी बसवली. कुठे उभं राहायचं, फोन किती दूर धरायचा, बीप वाजल्यावर पहिलं वाक्य कोणतं, दुसरं कोणतं. मान वर, आवाज पोटातून. एकेकीकडून घोकून घेतलं. तुझ्या आईला बोलावलं तर ती म्हणाली, "मी पोपट नाही." आणि आली नाही. तिने तेव्हाच तुला का सांगितलं नाही, असं तू विचारशील. मी तिला शपथ घातली होती.

तू मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतंस, "बाबा, ही परीक्षा ॲपची आहे, बायकांची नाही. त्या जिथे चुकतील, तिथे आम्ही चुकलो असं आम्हाला समजेल. त्या चुकल्या तर चांगलंच आहे."

पोरी, आमची माणसं चुकली तर चांगलंच आहे, हे वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. ते माझ्या कानात शिरलंच नाही. मी फॅक्टरीत नवीन लागलो तेव्हा ट्रेनिंगला एक साहेब यायचा. खेड्यातल्या पोरांनाच उभं करायचा, मीटर वाचायला लावायचा, आणि कुणी अडखळला की बाकीच्यांकडे पाहून हसायचा. मी त्या हसण्याला उत्तर म्हणून आयुष्यभर भाषणं केली, पुस्तकं वाचली, पाठ केली. आणि तुम्ही लोक कॅमेरा घेऊन गावात येणार म्हटल्यावर मला तोच साहेब दिसला. तुझ्या चेहऱ्याचा साहेब. त्याला हसायला जागा द्यायची नाही, एवढंच मी ठरवलं.

याहून वाईट पुढे आहे.

तालमीच्या पहिल्याच दिवशी पुष्पाबाई म्हणाली होती, "भाऊजी, हे विहारात ठीक हाये. घरी असं वरडून कोण सांगते, माह्यी कंबर फुटून राहिली म्हणून? सासरा बसला राह्यते, देर बसला राह्यते. एखादं बटन द्या म्हणा न पोरीले." सगळ्या हसल्या आणि सगळ्याच म्हणाल्या, हो न, बटन द्या म्हणा. तू कंपनीत जे सांगून थकलीस, ते त्या बायका माझ्यासमोर चटईवर बसून सांगत होत्या.

मी काय केलं? मी उठून बोललो. ज्यांना हजारो वर्षं बोलू दिलं नाही त्यांच्या पोरीबाळींना आज यंत्र विचारतं आहे, बाई, तुझं काय दुखतं? आणि तुम्ही त्याच्यासमोर मुक्या राहणार? मुकं बटन मागणार? असं बरंच. भाषण चांगलं झालं. पुष्पाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी सांगितलं, साहेबांनी विचारलं तर म्हणायचं, बोलणं आम्हाला सोपं जातं. बटनाची गोष्ट काढायची नाही.

तृप्ती म्हणाली होती, "मी नाही येत काकाजी. मले लाज वाटते." मी तिला म्हणालो, लाज म्हणजे गुलामी. तिला लाज वाटत नव्हती. तिला घर माहीत होतं. माझ्या घरात मोठ्याने बोलणारा मीच. मला काय माहीत असणार?

टेस्टच्या दिवशी ती सगळ्यांत खणखणीत बोलली. तिचा व्हिडिओ तुमच्या कंपनीने सगळीकडे दाखवला, हे तूच आईला सांगितलं होतंस.

आणि बाहेर येऊन तू, तुझ्या भुपेंद्रसाहेबांसमोर, विचारलंस, "बाबा, तुम्ही यांना काही शिकवलं का?"

मी म्हणालो, "आमच्या बायांना शिकवावं लागत नाही."

साहेब हसले. माझा हात हातात घेतला. तुझ्या हातात बटनाच्या चित्राचा कागद होता, त्याची तू घडी केलीस आणि तो बॅगेत टाकलास. मला तेव्हा वाटलं, पोरगी हरली आणि गाव जिंकलं. मला आनंद झाला होता, प्रतिक्षा. हे खरं आहे म्हणून लिहितो.

तुझ्या-आईच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं, आता हेच ॲप असंच, बटन नसलेलं, आणखी जिल्ह्यांत जाणार आहे आणि आमच्या विहारातल्या टेस्टचा दाखला दिला जातो आहे. शिवाय तुझ्या बापाच्या क्लिपमुळे ऑफिसात तुझ्याकडेच बोट दाखवतात. मी तुमच्या साहेबांशी बोलतो. आईच्या फोनवरून. तू नको म्हणालीस तरी.

बाबा

&nbsp;

कोंढा
१४ फेब्रुवारी २०२५

चि. प्रतिक्षा,

साहेबांशी बोललो ते तुला कळलं असेल. मी सगळं सांगितलं. ते फार सभ्यपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "गजभियेजी, एक वडील म्हणून तुमची भावना मी समजू शकतो."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांना वाटलं, बाप मुलीला वाचवायला खोटं बोलतो आहे. मी खोटं बोललो तेव्हा त्यांनी हात हातात घेतला, तुझ्यावर आरोप केला तेव्हा क्लिप गावोगाव गेली, आणि खरं बोललो तर भावना झाली.

मी म्हणालो, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. ठेवूच नका. परत या आणि मला बाजूला ठेवून बायकांना विचारा." ते म्हणाले, पाहू.

मग मला वाटलं, ज्या माइकवरून तुझं नाव घेतलं, त्याच माइकवरून हे सांगितलं पाहिजे. परवा पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. चिठ्ठी नेली नव्हती. म्हणालो, "डिसेंबरात मी माझ्या मुलीला दोष दिला. दोष माझा होता. बायकांनी बटन मागितलं होतं. मी त्यांचं तोंड बंद केलं, मोठ्याने बोला असं सांगून बंद केलं."

आणि मी श्वास घ्यायला थांबलो. टाळ्या पडल्या.

सवयीने पडल्या गं. मी थांबलो की वाजवायच्या, हे त्यांना इतक्या वर्षांत अंगवळणी पडलं आहे. आणि मला दिसलं, मी थांबलो होतो तीसुद्धा बरोबर तिथेच, जिथे टाळी येते. मागून कुणी ओरडलंही, "वा! असा नेता पाह्यजे!" मी हात वर केले, नको म्हणालो, तर आणखी वाजल्या.

तृप्ती भिंतीशी बसली होती. तिने वाजवल्या नाहीत. तुझ्या आईने वाजवल्या नाहीत. तिने पुढे येऊन माइकचं बटन बंद केलं आणि म्हणाली, "झालं आता. घरी चला."

वाटेत ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बोलली. म्हणाली, "पोरीले म्या काल सांगतलं. शपथ मोडली तुमची." मी म्हणालो, बरं केलंस. ती म्हणाली, "तुमाले इचारून नाही मोडली."

बाबा

&nbsp;

कोंढा
२३ मार्च २०२५

चि. प्रतिक्षा,

तू आलीस. गाडीतून उतरलीस, आईच्या गळ्यात पडलीस, विहाराच्या पायरीपाशी मी उभा होतो तिथे आलीस आणि म्हणालीस, "बाबा, तुम्ही बाहेर बसा." एवढंच. मी बाहेर बसलो.

तुला वाटलं असेल, खिडकीला कान लावून बसलो असेन. पहिल्यांदा खरंच लावला होता. पुष्पाबाईने आतून खिडकी लोटली. "भाऊजी, तिकडं चपला राखा," म्हणाली. सगळ्या हसल्या. मग मी पायरीवर चपलांपाशी बसलो.

सुरुवातीला हसणं ऐकू येत होतं, कुणाचं तरी "अवं, हे कायचं हाये?" असं विचारणं ऐकू येत होतं, आणि नंतर काहीच ऐकू येईना. सभागृहात शांतता पडली की माझा जीव घाबरा होतो, तुला माहीत आहे. वक्त्याला ती सहन होत नाही. दोनदा उठलो. दोनदा बसलो. आत बायका चुकत असतील, मला वाटत होतं. चुकू दे. पुन्हा वाटत होतं, निदान तृप्ती तरी... चुकू दे, तिलाही चुकू दे.

तेवढ्यात माझ्या खिशात फोन थरथरला. काढून पाहिलं तर निरोप होता: "मला त्रास होत आहे. तृप्ती." मी उठून दाराकडे धावलोच. दारात तुझ्या आईने अडवलं. म्हणाली, "काहून धावता? बटन दाबून पाहून राहिली ती."

परत येऊन बसलो. पुन्हा थरथरला. पुष्पाबाई. मग सुशीलाबाई. मग परत तृप्ती. एकही आवाज न होता एकेक बाई माझ्या हातात येत होती. त्यांचं दुखणं मी इतक्या वर्षांत माइकवरून किती सांगितलं असेल. मला स्वतःला ते कुणी असं सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच मी येऊ दिली नव्हती.

नंतर माझ्या लक्षात आलं. टेस्टसाठी घरच्या माणसाचा नंबर तिथे टाकावा लागला असेल. तो तूच टाकला असणार. कदाचित तुला पाठ असलेला तोच एक नंबर असेल. लहानपणी मीच पाठ करून घेतला होता, जत्रेत हरवलीस तर सांगता यावा म्हणून.

बायका बाहेर आल्या. चपला घातल्या. पुष्पाबाई म्हणाली, "पोरीनं आमचं सारं लिहून घेतलं. चुकलं ते बी." तृप्ती माझ्याजवळ थांबली आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाली, "हे चांगलं हाये काकाजी. हे ढोलीत नाही टाका लागत."

तुमचे साहेब काय ठरवतील, मला माहीत नाही. तुझ्या नोकरीचं काय होईल, तेही माहीत नाही. आईला विचारणार होतो, विचारलं नाही. तुला सांगावंसं वाटेल तेव्हा तू सांगशील, किंवा सांगणार नाहीस.

एकच गोष्ट लिहायची राहिली. सगळ्या बायका निघून गेल्या होत्या. आत फक्त तू होतीस, वायरी गुंडाळत. मी पायरीवरच होतो. तेव्हा फोन आणखी एकदा थरथरला. "मला त्रास होत आहे." खाली नाव नव्हतं.

मी आत आलो नाही. हाकही मारली नाही. फोन दोन्ही हातांत धरून बसून राहिलो. नंतर तू बाहेर आलीस आणि गाडीत बसलीस.

चुकून दाबलं गेलं असेल. तसं असलं तरी मला कळवू नकोस.

बाबा